आत्याने बसवलेला दात

२ फेब्रुवारी, सोमवार

आज वहिनी कामाला गेली! हे उद्गारचिन्ह दिल्याशिवाय राहवत नाही.

चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासायच्या आणि फ्रेममध्ये बसवायच्या, असं काम आहे. आधी शिकाऊ, जमलं तर कायम. 'शिकाऊ पाहिजे' ही पाटी मी पाहिली, आत जाऊन चौकशी मी केली, अर्ज मी आणला आणि भरायलाही मीच बसले. शेवटी वहिनी म्हणाली, "वन्सं, निदान सही तरी माझी मला करू द्या." आम्ही दोघी पोट धरून हसलो.

ठरलं ते असं : सकाळी माझ्या शिकवण्या, दुपारी मुंगी माझ्याकडे. दादा-वहिनीची ही लेक दीड वर्षाची होऊन गेली, तरी तिचं खरं नाव कोणी घेत नाही. साखरेचा डबा उघडला की कुठूनही हजर होते, म्हणून दादाने तिला मुंगी म्हणायला सुरुवात केली, ते चिकटलं. आईचे गुडघे आता तिच्यामागे धावण्याजोगे राहिलेले नाहीत. पण आईचं मत वेगळंच. शिवणयंत्रावरून मान वर न करता ती म्हणाली, "पोर एवढीशी. काम काय पळून चाललंय?"

मी म्हटलं, "आई, काम पळूनच जातं. म्हणून तर धरायचं."

दादा दारात बूट चढवत होता. "मास्तरीणबाई बोलल्या," तो म्हणाला, "आता वरच्या कोर्टातसुद्धा अपील नाही." दादा लिफ्ट दुरुस्त करतो. दिवसभर अंधाऱ्या खड्ड्यात लोंबकळतो, त्यामुळे घरी आल्यावर त्याला कसलाच वाद नको असतो.

मी एक पद्धत ठरवली आहे. आई जाते म्हणजे ती परत येते, हे मुलाला खेळातून कळलं पाहिजे. संध्याकाळी फाटक वाजलं की मी म्हणायचं, "कोण आलं? पळ, पळ, पळ!" आणि मुंगीने दुडूदुडू दाराकडे धावायचं. आज वहिनीचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. कामावरून दमून आलेल्या बाईचं असं स्वागत प्रत्येक घरात व्हायला हवं.

५ फेब्रुवारी

वहिनीने आज पहिली काच एकटीने बसवली. जेवताना ती बोटं एकमेकांवर घासून दाखवत होती. "कड कुठे खरखरीत राहिली ते डोळ्यांना नाही दिसत, बोटाला कळतं." लग्न होऊन आल्यापासून तिला एका दमात इतकं बोलताना मी पाहिलं नव्हतं. आई म्हणाली, "कालवण गार होतंय."

११ फेब्रुवारी, बुधवार

आज माझ्या शिक्षणाचा खराखुरा उपयोग झाला.

फाटक वाजलं. फरशी गार म्हणून मुंगीच्या पायांत मी नवे लोकरीचे मोजे घातले होते. नेहमीसारखी ती निघाली, दाराशी पाय सटकला आणि समोरच्या पायरीच्या कडेवर तोंडच आपटलं. आधी आवाजच नाही. मग जी किंकाळी आली! वहिनीने पिशवी फाटकातच टाकली आणि तिला उचललं. ओठ, हनुवटी, वहिनीचा सगळा खांदा लाल. वरचे पुढचे दोन दात बघितले तर एक जागेवर नाही आणि शेजारचा अर्धा आत गेल्यासारखा आखूड.

आई नुसतीच "अगं बाई, अगं बाई" करत होती. वहिनीची तर दातखीळच बसली. अशा वेळी कुणीतरी डोकं थंड ठेवावं लागतं. मला कॉलेजातलं प्रथमोपचाराचं शिबिर लख्ख आठवलं : पडलेला दात मुळाशी धरायचा नाही, दुधात बुडवून काढायचा आणि अर्ध्या तासाच्या आत परत खाचेत बसवायचा, म्हणजे तो जगतो. मी ओरडले, "दात शोधा आधी!" तो पायपुसण्याच्या कडेला सापडला. केवढासा, शिंपल्याच्या कपच्यासारखा.

वहिनी म्हणाली, "वन्सं, आधी डॉक्टरांना फोन करू या का?"

मी म्हटलं, "वहिनी, वेळ नाहीये. तू फक्त हात घट्ट धर."

आई म्हणाली, "तिला कळतं त्यातलं. करू दे तिला."

वहिनी जमिनीवर बसली. मुंगीला मांडीवर घेतलं आणि तिचे दोन्ही हात आपल्या मुठीत धरले. मी अंगठ्याने दात दाबला. तो चटकन बसेना. मुंगी इतकी रडली की मध्येच तिचा श्वास अडकला. मी सारखी म्हणत होते, "झालं हं, झालं, झालं." शेवटी बसला! वर ओल्या रुमालाची घडी धरून ठेवली.

मग दातांच्या दवाखान्यात फोन केला. बंद व्हायची वेळ झाली होती. डॉक्टरीणबाईंनीच उचलला. बेशुद्ध पडली होती का, उलटी झाली का, रक्त थांबलं का, असं सगळं विचारलं आणि सकाळी सगळ्यात आधी बोलावलं. दात बसवल्याचं मी सांगितलं नाही. म्हटलं, उद्या प्रत्यक्षच दाखवू.

दादा आला तेव्हा मुंगी झोपली होती. त्याने तिचा सुजलेला ओठ बघितला, माझ्याकडे बघितलं आणि माझ्या डोक्यावर टपली मारली. आई फोनवर मावशीला सांगत होती, "डॉक्टर नाही, काही नाही. हिनेच बसवला दात. आपल्या घरात शिकलेलं माणूस आहे म्हणून, नाहीतर काय झालं असतं?"

खोटं कशाला लिहू, ऐकून बरं वाटलं.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

डॉक्टरीणबाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यांनी मुंगीचं तोंड उघडून चमच्यासारख्या छोट्या आरशाने बघितलं आणि विचारलं, "हा कुणी बसवला?"

आई अभिमानाने म्हणाली, "हिने. बी.एस्सी. आहे आमची."

बाईंनी हातमोजे काढले, खुर्ची माझ्याकडे वळवली आणि एखाद्या विद्यार्थिनीला समजवावं तसं समजावलं. निखळलेला दात परत बसवायचा असतो, पण तो पक्का दात. दुधाचा दात कधीच बसवायचा नाही. त्याच्या मुळाच्या वर, हाडात, पक्क्या दाताची कळी तयार होत असते. पडताना तिला धक्का बसू शकतो, आणि खालून दात दाबला की परत बसू शकतो. शिवाय जंतू आत जातात ते वेगळंच.

शिबिरात हे सांगितलं होतं का? नसेल सांगितलं. की सांगितलं होतं आणि मी दुधाचं भांडं, अर्धा तास एवढंच लक्षात ठेवलं?

दात त्यांनी परत काढला. म्हणजे मुंगीचा तोच दात दोनदा गेला. वहिनीने पुन्हा तिचे हात धरले. शेजारचा आत गेलेला दात तसाच ठेवायचा आहे. पुष्कळदा असे दात हळूहळू आपोआप खाली येतात म्हणे. हिरडीवर पुटकुळी दिसली किंवा ताप आला तर लगेच आणायचं.

मी विचारलं, "कळीला धक्का लागलाय का?"

"आज नाही सांगता येणार. फोटोतही नीट कळत नाही. पक्के दात येतील तेव्हा बघायचं, सहा-सात वर्षांची झाली की. कदाचित काहीच नसेल. कदाचित दातावर डाग असेल, किंवा आकार बिघडलेला असेल." मग त्या म्हणाल्या, "काल फोनवर बोललात ना तुम्ही? तेव्हाच विचारलं असतंत..." आणि वाक्य सोडून दिलं. निघताना म्हणाल्या, "मनाला लावून घेऊ नका. बऱ्याच जणांकडून होतं हे."

बऱ्याच जणांकडून. मी त्यांच्यातली नाही, असं मला वाटत होतं.

रस्त्याने आई म्हणाली, "डॉक्टर काय, काहीही बोलतात. काल दात होता की नाही जागेवर? होता!" वहिनी मुंगीला छातीशी धरून पुढे चालत होती. मागे वळून काही बोलली नाही. बोलायला हवं होतं तिने. चार शब्द सुनावायला हवे होते.

१३ फेब्रुवारी

अति शहाणा त्याचा बैल रिकामा. लहानपणी पाठ केलेली म्हण. अर्थ लिहून पैकीच्या पैकी गुण मिळवले होते.

१५ फेब्रुवारी, रविवार

दिवसभर माणसं मुंगीला बघायला येत होती. प्रत्येकाला आई पहिल्यापासून सांगते. मी आत पुस्तक उघडून बसले होते आणि प्रत्येक वेळी वाट बघत होते, आता दाताची गोष्ट निघेल आणि मला तोंड दाखवायला जागा उरणार नाही. पण आईने ती गोष्ट अजिबात काढली नाही. आता ती एवढंच सांगते : "दिवसभर आई दिसली नव्हती ना, मग आई दिसताच धावली आणि आपटली. लेकरूच ते! आई घरात असती तर धावली कशाला असती?"

आईने मला सांभाळून घेतलं. मला सुटल्यासारखं वाटलं आणि तसं वाटलं म्हणून लाजही वाटली.

वहिनी स्वयंपाकघरात एकच पातेलं घासत होती. मी म्हटलं, "वहिनी, दे इकडे, स्वच्छ झालंय ते." तिने दिलं नाही.

२१ फेब्रुवारी

मुंगीचं खाणं म्हणजे कुस्करलेलं केळं, गार दूध आणि चमच्याने भरवता येईल ते मऊ. पण माझ्या हातचं काही खात नाही. दोन वेळा खाऊन झाल्यावर ओल्या कापडाने हिरड्या पुसायच्या असतात. मी कापड बोटाला गुंडाळलं की ती ओठ असे मिटते, जणू शिवलेत. वहिनी आली की उघडते. वहिनी काही बोलत नाही, स्वतःचं तोंड उघडून दाखवते. मग मुंगीही उघडते.

आज चष्मेवाल्या काकांचा फोन आला होता. वहिनीने सांगितलं, पोरीला बरं नाही, आणखी काही दिवस जमणार नाही. फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "वहिनी, जा ना तू. मी आहे घरी."

"नको," ती म्हणाली.

आईचं मन! दुखऱ्या लेकराला सोडून तिचा पाय निघत नाही, हे मला समजायला हवं होतं. स्त्रीने बाहेर पडलं पाहिजे हे खरं, पण केव्हा ते तिचं तिलाच ठरवू द्यावं. मी पुन्हा आग्रह केला नाही.

२ मार्च, सोमवार

दवाखाना. आत गेलेला दात किंचित खाली आलाय, पण करडा पडत चाललाय. "रंग बदलला म्हणून काढायचाच असं नाही," बाई म्हणाल्या. "लक्ष ठेवू."

मी ग्रंथालयातून दातांवरची दोन पुस्तकं आणली आहेत. एकात पक्क्या दातावरच्या डागांची छायाचित्रं आहेत. वहिनीला दाखवायला गेले. ती म्हणाली, "वन्सं, मिटा ते. आत्ता माझ्यासमोर आहे तेवढंच बघू द्या मला."

८ मार्च, रविवार

मुंगीला हसताना मध्ये खिंड दिसते. दादा म्हणतो, "बोगदा झालाय. गाडी काढता येईल." आणि बोटाची गाडी करून 'कूऽक' म्हणतो. मुंगी खिदळते. घरात तेवढाच काय तो हशा.

आज ती कापडाच्या बाहुलीशी खेळत होती. बाहुलीला तिने मांडीवर घेतलं, तिच्या तोंडावर स्वतःचा अंगठा ठेवला आणि जोर लावून दाबत राहिली. दाबता दाबता म्हणत होती, "झायं, झायं, झायं."

मी बाहुली काढून घेतली. ती रडली, म्हणून परत दिली.

१८ मार्च, बुधवार

काल रात्रीपासून मुंगीला कणकण. करड्या दाताच्या वर हिरडीवर पिवळसर पुटकुळी. आज दादाने सुट्टी टाकली. आम्ही तिघं तिला घेऊन गेलो. तोही दात काढावा लागणार होता.

बाईंच्या हाताखाली आज नवीन डॉक्टर होती, माझ्याच वयाची. तिने सुरुवातीपासून विचारायला घेतलं. "कशी पडली?"

दादा म्हणाला, "आई कामावरून आली. आई दिसली म्हणून धावली."

आईचंच वाक्य. दादा तर तेव्हा घरात नव्हताही.

मग वहिनी बोलली. एवढ्या दिवसांत तिला त्या पडण्याबद्दल बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं. "माझ्याकडे धावत आली म्हणून पडली," ती म्हणाली. "मी घरी असते तर नसती पडली. आता जात नाही मी."

तिने हे असं सांगितलं जसं एखाद्याने आपलं वय सांगावं.

डॉक्टर पोरगी म्हणाली, "अहो, मूल आईकडे धावणारच. त्यात काय? तेव्हा सांभाळत कोण होतं?"

"मी," मी म्हटलं. आणि मग मला माझाच आवाज ऐकू आला, त्या दिवशीचा. "मी तिला म्हटलं होतं, पळ. रोजच म्हणायचे. फाटक वाजलं की, पळ, पळ, पळ. पायांत गुळगुळीत मोजेही मीच घातले होते."

दादाने माझ्याकडे बघितलं. वहिनीने नाही बघितलं. तिला हे माहीत होतं. फाटकातून आत येताना रोज तिने ऐकलेलं होतं.

एवढे दिवस मी दाताचं दुःख करत बसले. पुस्तकं आणली, छायाचित्रं पाहिली. पाच-सहा वर्षांनी काय दिसेल याच्या चिंतेत बुडाले. आणि माझ्यासमोर, माझ्या घरात, रोज एक बाई माझ्या वाटणीचं ऐकून घेत होती. त्याला मी 'आईचं मन' म्हणत होते.

दात काढताना मुंगीचे हात मी धरते म्हटलं. वहिनी म्हणाली, "नको. मीच धरते. सवय झालीय."

१९ मार्च

आईला सांगितलं. यंत्राजवळ बसून, सगळं, मोज्यांपासून अंगठ्यापर्यंत. आणि म्हटलं, "वहिनीवर ढकलू नकोस. लोकांना तसं सांगू नकोस."

आईने सुईत दोरा ओवला. "मी कुठे ढकलते? झालं ते सांगते."

"झालं ते असं नाही झालं, आई. मी पळ म्हटलं म्हणून ती पळाली. दात मी बसवला."

"तू चांगल्यासाठीच गेलीस ना करायला?"

"चांगल्यासाठी गेले म्हणून चूक बरोबर होत नाही."

"शिकलेल्या माणसाचंही चुकतं. पण ते असं चव्हाट्यावर मांडायचं नसतं," आई म्हणाली. "तुझ्या फीसाठी कितीजणांच्या ब्लाउजांना हुक लावलेत मी. त्या सगळ्याजणी दारात येतात. त्यांना काय सांगू? आमच्या पोरीला कळलं नाही?"

"हो," मी म्हटलं. "असंच सांग."

आईने यंत्राचं चाक फिरवलं. त्या आवाजात पुढचं बोलणं बुडालं.

२३ मार्च, सोमवार

वहिनीला न सांगता चष्म्याच्या दुकानात गेले. काका काउंटरवर कुणाच्या तरी चष्म्याची काडी सरळ करत होते. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं : वहिनीचा काही दोष नव्हता, ती कामाला फार चांगली आहे, तिची जागा ठेवा, मी घरी सगळी व्यवस्था बघते.

त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "तिला यायचंय?"

"हो. म्हणजे, येईलच."

"तिने पाठवलंय तुला?"

"नाही."

"अर्जही तूच आणला होतास. अक्षर तुझंच होतं ना?" काका हसले, पण नजर काडीवरच होती. "पोरी, उंटावरून शेळ्या हाकू नकोस. तिचा हात चांगला आहे. मशीनला घाबरत नाही. जागा अजून भरली नाही. पण विचारायचं तर तिने विचारावं. तुझ्याशी काय बोलू मी? तुला काचा घासायच्यात का?"

दुकानातून बाहेर पडले तेव्हा कान तापले होते. चांगलं करायला निघाले की माझ्या लक्षातच राहत नाही, ज्याच्यासाठी करायचं ते माणूस घरी आहे, जागं आहे, त्याला तोंड आहे.

घरी येऊन वहिनीला सांगितलं. हेसुद्धा लपवलं असतं तर मग संपलंच. "मी काकांकडे जाऊन आले. मला जायला नको होतं. जागा आहे म्हणाले. तूच विचारायचं म्हणाले." एवढंच. पुढे 'जा' म्हटलं नाही. जिभेवर आलं होतं, गिळलं.

वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होती. मुंगीचे ते लोकरीचे मोजे हातात आले, ते तिने उलटसुलट करून बघितले आणि जुन्या कपड्यांच्या गठ्ठ्यात टाकले.

२९ मार्च, रविवार

जेवताना वहिनीने सगळ्यांसमोर सांगितलं. "मी काकांशी बोलले. उद्यापासून जाते."

आईने पाण्याचा पेला खाली ठेवला. "आणि पोर?"

"कोपऱ्यावरच्या पाळणाघरात ठेवणार. बघून आले. सहा मुलं आहेत. बाई बऱ्या वाटल्या."

"परक्याच्या हातात?" आई म्हणाली. "घरात सख्खी आत्या असताना? लोक काय म्हणतील?"

"म्हणतील ते म्हणतील. आत्तापर्यंत म्हणतच होते," वहिनी म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. दादा इतका वेळ ताटात बघत होता. तो म्हणाला, "आई, तिला जाऊ दे. आणि ते धावली-बिवलीचं आता पुरे झालं. मीही तेच बडबडत होतो." दादाने एवढं मोठं वाक्य जेवताना कधी बोललेलं मला आठवत नाही.

मागाहून भांडी आवरताना मी वहिनीला विचारलं. राहवलंच नाही. "वहिनी, मी असते ना दुपारी घरी. पुन्हा अशी चूक होईल का माझ्याकडून? आता तर मी सगळं वाचलंय."

ती म्हणाली, "वन्सं, तुमचा जीव आहे तिच्यावर, मला माहीत आहे. माझ्यावरही आहे. पण तुम्हाला सगळं येतं. मला असं माणूस हवंय, ज्याला आलं नाही की ते मला फोन करेल."

मी ताटं पुसत राहिले.

"आणि मीही तेव्हा हात धरलेच की," ती म्हणाली. "माझं मन सांगत होतं, फोन करू. तरी धरले. का? तर तुम्ही शिकलेल्या. त्याचा राग तुमच्यावर कमी आहे, माझ्यावरच जास्त आहे."

हे तिने मला बरं वाटावं म्हणून सांगितलं नव्हतं. आणि मला बरं वाटलंही नाही.

६ एप्रिल, सोमवार

दुपारी घर इतकं मोकळं की पंख्याचा आवाज येतो. आणखी दोन शिकवण्या घेतल्या आहेत. आज एका मुलीने विचारलं, "ताई, हे असंच का?" उत्तर येत होतं असं वाटलं, तरी म्हटलं, "थांब, पुस्तकात बघू या." पुस्तकात वेगळंच होतं.

आई येणाऱ्या-जाणाऱ्यांना आता काहीच सांगत नाही. विचारलं तर म्हणते, "पडली. मुलं पडतातच." तिच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ झालं.

१५ एप्रिल, बुधवार

संध्याकाळी दादाचा फोन. तो कुठल्याशा इमारतीत लिफ्टच्या खड्ड्यात होता, आवाज विहिरीतून यावा तसा. दुकानात तातडीचं काम आलंय, वहिनीला उशीर होणार. तिने मुंगीला आणायला त्याला सांगितलं होतं आणि तो तिथे अडकला होता. "तू जा," तो म्हणाला. "पाळणाघर बंद व्हायच्या आत."

पाळणाघराला अर्धं दार आहे, कमरेएवढं. त्यावरून आत सगळं दिसतं : गाद्या, पाण्याच्या बाटल्या, भिंतीला टेकून ठेवलेली लाकडी घोडी. मुंगी एका मुलाच्या हातातला ठोकळा ओढत होती. मला बघितलं, खिंडीतून हसली आणि पुन्हा ठोकळ्याकडे वळली.

बाई दाराशी आल्या. "कोण आपण?"

"मी तिची आत्या. न्यायला आलेय."

"आई किंवा बाबा येतात रोज. आत्याचं मला काही सांगितलेलं नाही."

मी सांगू लागले, तिच्या बाबांनीच पाठवलंय, इथून चार घरं पलीकडे राहतो आम्ही, ती मला ओळखते, बघा ना, हसली मला बघून. बाईंनी मान हलवली. रागावल्या नाहीत, पण कडीवरचा हातही काढला नाही.

"खरं असेल तुमचं," त्या म्हणाल्या. "पण तिच्या आईला विचारल्याशिवाय मी कुणाच्या हातात देत नाही. थांबा, फोन लावते."

त्या आत गेल्या. फोन लागायला वेळ लागत होता, वहिनीचं मशीन चालू असेल. मागून आणखी एक आई आली, तिने तिचं मूल घेतलं, माझ्याकडे जरा चमकून बघितलं. मी कुणी संशयित असल्यासारखी उभी होते. मला ओशाळं वाटायला हवं होतं, आणि वाटतही होतं. पण त्याच्या तळाशी आणखी काहीतरी होतं, कित्येक आठवडे अडकलेला श्वास सुटावा तसं. वहिनीला हवं होतं तसंच माणूस तिने नेमकं शोधलं होतं, आधी तिला फोन करणारं.

आतून बाईंचा आवाज आला, "हॅलो, एक विचारायचं होतं."

मी दारापासून एक पाऊल मागे सरकले आणि वहिनी काय म्हणते याची वाट बघत उभी राहिले.